मागच्या सीटवरचा कप्तान

माझ्या मावशीला घरात सगळे वावटळ म्हणायचे. कौतुकानं नाही. ती खोलीत शिरली की दार भिंतीवर आपटायचं, टेबलावरचा पेला कलंडायचा आणि माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, कपाळाला हात लावून म्हणायची, "आली वावटळ."

आजोबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मावशी तिथेच. शहराबाहेरच्या विमान क्लबात त्या काळी पंखांवर कापड चढवलेली विमानं होती आणि ते कापड शिवायचं एक मोठं मशीन होतं. ते एकदा बंद पडलं. आजोबांची कंबर धरली होती, म्हणून मावशी गेली. मशीन दुपारीच सुरू झालं, बाई मात्र दिवस मावळायला घरी आली. हातपाय न धुता जेवायला बसली आणि म्हणाली, "मी विमान चालवायला शिकणार आहे."

आई म्हणाली, "आधी सायकल नीट चालव. कालच कोपऱ्यावरच्या माणसाला धडकलीस." आणि मग आजोबांकडे वळून, "हिला जमिनीवर राहायला काय काटे टोचतात?"

क्लबाच्या फाटकावर कुत्र्यांना मनाई असल्याची पाटी होती. बायकांना मनाई असल्याची नव्हती, कारण ती लावायची वेळ येईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. या फटीतून मावशी आत शिरली. क्लबाचा सेक्रेटरी गोड बोलणारा, कधीही सरळ नाही न म्हणणारा माणूस होता. "नियम बघून सांगतो हं," असं तो महिनोन् महिने सांगत राहिला. मावशी तोवर त्यांच्याच शिवणखोलीत पंखांना टाके घालत बसली. शेवटी विमान शिकवणारे मास्तर वैतागले. एक पाय अधू असलेला, तोंडाचा फटकळ माणूस. ते सेक्रेटरीला सगळ्यांसमोर म्हणाले, "नाही म्हणणारा नियम सापडला का? नाही ना? मग पोरी, बस."

ती शिकली, आणि परीक्षाही पास झाली. त्या अख्ख्या मुलखात विमानाचा परवाना मिळवणारी ती पहिली बाई. वर्तमानपत्राचा माणूस घरी आला आणि त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "स्वयंपाक येतो का?"

"येतो," मावशी म्हणाली. "तुम्हाला विमान येतं का?"

हे छापून आलं नाही. छापून आलं ते असं की, आकाशात भरारी घेणाऱ्या या तरुणीचे हात भाकरीच्या पिठातही तितकेच रमतात. मावशीला भाकरी कधी धड थापता आली नाही. आम्ही तो कागद वाचून खूप हसलो. तेव्हा हसलो, कारण पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत नव्हतं.

मग पूर आला. मी तेव्हा शाळकरी पोर होते. पावसामुळे शाळा बंद होती, आणि घरात मी फार त्रास देते म्हणून आईनं मला मावशीबरोबर क्लबात पाठवून दिलं होतं. म्हणून पुढचं जे सांगते ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

वरच्या अंगाला धरणाची भिंत खचली आणि नदीकाठचं एक गाव चारी बाजूंनी पाण्यात अडकलं. रस्ता गेला, पूल गेला. तिथल्या इस्पितळात पटकीचे रोगी दाटले होते आणि औषधं संपली होती. सेक्रेटरीनं जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना शब्द देऊन टाकला, "आमचा क्लब औषधं पोचवील." मास्तर मोठं विमान घेऊन दुसऱ्या शहरात अडकले होते. क्लबात उरलं होतं एक लहानसं विमान आणि सेक्रेटरीचा पुतण्या. त्याला सगळे कप्तान म्हणायचे. तो तेव्हा कशाचाच कप्तान नव्हता, पण त्याच्याकडे कप्तानाची टोपी होती.

माणूस वाईट नव्हता तो. मला गोळ्या द्यायचा. विमानही बरं चालवायचा, आभाळ निरभ्र असलं की.

विमानाच्या मागच्या सीटा काढून तिथे औषधांचे खोके रचले, वरून टाकता यावेत म्हणून एका बाजूचं दार उचकटून काढलं. कप्तान विमानाभोवती एक चक्कर मारून आला. ढग टेकड्यांच्या कमरेपर्यंत उतरले होते. त्यानं उजवा खांदा चोळला आणि म्हणाला, "खांदा आखडलाय माझा. आज काही चालवणं जमेलसं वाटत नाही."

मावशी खोक्यांना दोर बांधत होती. तिनं शेवटची गाठ मारली, हात पुसले आणि जाऊन वैमानिकाच्या जागेवर बसली. मान वळवून म्हणाली, "खोके ढकलण्यापुरता तरी चालेल ना खांदा? चल, बस मागे."

तो बसला. हे मला मान्य करायलाच हवं, की तो बसला. कमरेला दोर बांधून, उघड्या दारापाशी.

ते गेले, आले, पुन्हा खोके भरून गेले. ढगांच्या खालून, नदीच्या पात्राला धरून, झाडांच्या शेंड्यांवरून. विजेच्या तारा कुठे आहेत ते दिसत नव्हतं, म्हणून खांब दिसला की विमान वर उचलायचं, असं मावशी नंतर सांगायची. पहिल्या खेपेनंतर कप्तान उतरला तो सदराभर ओकलेला, चेहरा पालीसारखा पांढरा. तो पंखाखाली बसला, मावशीचा हात धरून म्हणाला, "तू होतीस म्हणून. मी चालवत असतो तर आपण त्या टेकडीत असतो." मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारीच उभी होते. शेवटच्या खेपेला तिनं विमान बांधावरच्या अरुंद रस्त्यावर उतरवलं आणि तापानं फणफणलेली दोन पोरं मांडीवर घेऊन कप्तान मागे बसून आला. ती पोरं जगली.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कप्तानाचा टोपीतला फोटो होता. "जिवावर उदार होऊन एकट्यानं पुराशी झुंजणारा वीर."

आईनं तो पेपर दोनदा वाचला. लग्न न करता विमानं उडवत फिरणाऱ्या या बहिणीवरून आजवर नातेवाइकांची बोलणी खाल्लेली बाई ती. पेपर घडी करून काखोटीला मारत ती म्हणाली, "उडू नकोस म्हणून मी कंठशोष केला, तो माझा प्रश्न. पण उडालीस ती तू. ते दुसऱ्याच्या नावावर कसं? चल. चप्पल घाल."

आम्ही तिघी सेक्रेटरीच्या खोलीत गेलो. तो उठून उभा राहिला, खुर्च्या पुढे केल्या. कप्तान खिडकीशी उभा होता.

"बसा ना, बसा," सेक्रेटरी म्हणाला. "हे बघा, थोडं समजून घ्यायला हवं. बाईनं विमान नेलं असं सांगितलं तर लोक पहिलं काय विचारतील? क्लबात पुरुष नव्हते का? क्लबाची अब्रू जाईल."

"आणि माझी?" मावशीनं विचारलं.

"तुमची कशी जाईल? तुम्ही केलंत ते देवानं पाहिलंय."

"देव पेपर काढत नाही," आई म्हणाली.

मावशी कप्तानाकडे वळली. "तू बोल. तू होतास तिथे."

कप्तान बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका म्हणतात तेही बरोबरच आहे एका परीनं."

एका परीनं! ज्या माणसानं आदल्या दिवशी ओकऱ्या पुसत तिचा हात धरला होता, त्याला रात्रीतून दुसरी एक परी सापडली. मी ओरडले, "खोटं! मी बघितलंय!" सेक्रेटरीनं माझ्या गालावर टिचकी मारली आणि शिपायाला सांगितलं, "बेबीला बिस्किट दे."

मावशी गप्प बसली नाही. पुढे लोक म्हणत राहिले की बिचारी मुकाट्यानं सोसत राहिली. साफ खोटं आहे हे. ती पेपरच्या कचेरीत गेली. संपादक म्हणाले, कप्तान स्वतः येऊन सांगतील तर छापतो. ती मोठ्या साहेबांकडे गेली. ते म्हणाले, आता पदक ठरलंय. भरलेल्या सभागृहात साहेबांनी कप्तानाच्या छातीवर पदक लावलं तेव्हा ती मधल्या रांगेत उठून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "विमान मी चालवत होते." लोक हसले. कुणीतरी शिट्टी वाजवली. दोन माणसांनी दंडाला धरून तिला बाहेर काढलं आणि जाताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, "बाईचं डोकं फिरलंय."

हेच वाक्य पुढे इंग्रजीत लिहून आलं. वार्षिक तपासणीत क्लबाच्या डॉक्टरनं तिचे मज्जातंतू दुर्बळ असल्याचा शेरा मारला आणि परवाना गेला. मास्तर त्यावरून सेक्रेटरीशी कडाकडा भांडले. त्यांनाही लवकरच निवृत्त केलं.

वावटळ ती. बसून राहिली असती तर तिला वावटळ कोण म्हणालं असतं? लांबच्या शहरात एक डॉक्टरीणबाई वैमानिकांना तपासायची असं मास्तरांकडून कळलं. मावशी आगगाडीनं तिच्याकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला उभं केलं, फिरवलं, डोळे बांधले, कानात पाणी घातलं, आणि शेवटी म्हणाल्या, "तुमच्या मज्जातंतूंना काही झालेलं नाही. तो शेरा मारणाऱ्याच्या मेंदूचं मात्र बघायला हवं." परवाना परत मिळाला.

पण काम? प्रवासी विमानांची नवी कंपनी निघाली होती. कप्तान तिथे लगेच लागला. मावशीला उत्तर मिळालं की बाई चालवतेय म्हटल्यावर प्रवाशांचा विश्वास बसणार नाही, मात्र प्रवाशांना चहा देण्याच्या जागेसाठी विचार करता येईल. "माझा चहा फार वाईट होतो," मावशीनं कळवलं आणि ती पिकांवर औषध फवारायची विमानं चालवायला गेली. तिथल्या मालकाला चालवणारा पुरुष की बाई याच्याशी घेणंदेणं नव्हतं. कीड मरत होती ना! पिकांच्या डोक्याला चाकं लागतील इतक्या खाली ती बरीच वर्षं उडत राहिली. अंगाला त्या औषधाचा वास चिकटला तो कायमचा. तिची फुप्फुसं त्यानंच खाल्ली, असं मी नर्स झाल्यावर मला कळलं.

हात चालत होते तोवरच तिनं एक उजाड माळ भाड्यानं घेतला, एक भंगारातलं विमान दुरुस्त केलं आणि मुलींना शिकवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी कुणी आलं नाही. मग एका सुताराची मुलगी आली. तोंडाला खळ नसलेली, म्हणून मावशीनं तिचं नाव बडबडी ठेवलं. विमान उतरवतानाही ही बोलत असायची. मावशी म्हणायची, "तू गप्प झालीस की मी समजेन काहीतरी बिघडलंय." बडबडीच्या मागून आणखी आल्या. आज त्यातल्या कितीजणी मोठमोठी विमानं चालवतात ते मी सांगत बसत नाही. सांगितलं तर लोक म्हणतात, "बघा, शेवटी भलंच झालं ना!" हे मला ऐकवत नाही. तिचं भलं व्हावं म्हणून कुणी तिच्यावर अन्याय केला नव्हता.

एका थंडीत क्लबानं आपला मोठा वर्धापनदिन ठरवला. मावशी तेव्हा माझ्याच घरी राहायची. नळीतून प्राणवायू घ्यावा लागायचा, पण जीभ शाबूत होती. क्लबाचा नवा सेक्रेटरी, जुन्याचाच मुलगा, आमंत्रण घेऊन आला. दारात कप्तानाचा पुतळा बसवणार होते आणि त्याच समारंभात मावशीला एक पुरस्कार देणार होते. उड्डाणमाता.

"काय माता?" मावशीनं कानामागे हात धरून विचारलं.

"उड्डाणमाता. सगळ्या वैमानिकांच्या आपण आईसारख्या."

"मला मूल नाही. आणि तुझ्या कप्तानाची आई वेगळी होती, मी ओळखत होते तिला."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी विनोदी आहे. पुतळ्याखालचा मजकूर त्यानं मोठ्या अभिमानानं वाचून दाखवला. पुराच्या थैमानात एकट्यानं. तोच शब्द. इतकी वर्षं उलटून तोच!

मी दुसऱ्याच दिवशी कप्तानाच्या घरी गेले. सुंदर घर होतं. खाकरत, काठी टेकत तो बाहेर आला आणि मला ओळखून त्याला खरोखर आनंद झाला. चहा आला. मी सरळ विचारलं, "त्या दिवशी विमान कुणी चालवलं?"

"तुझ्या मावशीनं," तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला. "काय चालवलं! मी आयुष्यभर तसं चालवणारा पाहिला नाही."

"मग हे पुतळ्याखालचं?"

"अगं, ते त्यांनी लिहिलंय. मी कधी एका शब्दानं खोटं बोललो नाही. मला कुणी विचारलंच नाही."

"मी विचारतेय. चारचौघांत सांगाल?"

त्यानं कप खाली ठेवला. "या वयात कशाला माझी शोभा? नातवंडं काय म्हणतील? आणि तिला मिळतोय की पुरस्कार."

मी चहा तसाच ठेवून उठले. निर्लज्ज माणसाशी भांडता येतं. या गोड, हळव्या, पाहुण्याला दारापर्यंत पोचवायला येणाऱ्या म्हाताऱ्याशी कसं भांडायचं?

मला वाटलं, मावशी समारंभाला जाणार नाही. ती म्हणाली, "न जायला काय झालं? बोलायला माईक देणार आहेत."

बडबडीनं तिची चाकाची खुर्ची व्यासपीठावर चढवली, प्राणवायूची टाकी मी सांभाळली. पुतळ्यावरचं कापड निघालं. टोपीतला कप्तान ढगांकडे बघत होता. मावशीच्या हातात फुलांचा गुच्छ आणि काचेची एक बाई दिली, पंख असलेली, कडेवर मूल घेतलेली. निवेदिकेनं माईक पुढे धरला. "ताई, घर आणि आकाश दोन्ही कसं सांभाळलंत?"

मावशीनं काचेची बाई माझ्याकडे दिली. "घर माझ्या बहिणीनं सांभाळलं. पुतळ्याखाली चूक झाली आहे तेवढी सांगते. पुराच्या दिवशी विमान मी चालवत होते. हा माणूस मागे बसून खोके ढकलत होता. चांगले ढकलले त्यानं. ढकलणाऱ्याचा पुतळा करायचा तर खुशाल करा, पण हातात खोका द्या." मग शेजारच्या खुर्चीकडे वळून, दम लागत, "सांग रे. कुठे बसला होतास तू?"

या वेळी कुणी हसलं नाही. कप्तान काठीवर जोर देऊन उठला. त्याचे ओठ हलत होते. निवेदिकेनं माईक त्याच्यापुढे नेला.

"मागे," तो म्हणाला. "मी मागे होतो. ती म्हणते ते खरं आहे." आणि तो रडायला लागला.

बडबडीनं माझं मनगट असं दाबलं की वळ उठले. मला वाटलं, जिंकलो. आई असायला हवी होती, असं वाटलं.

लोक उभे राहिले. टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. मग माझ्या लक्षात आलं की सगळे कप्तानाकडे बघताहेत. नव्या सेक्रेटरीनं त्याला मिठी मारली. फोटोवाले त्याच्याभोवती जमले. एका बाईनं त्याच्या पायांना हात लावला. मावशीच्या खुर्चीपुढे माणसांच्या पाठींची भिंत उभी राहिली होती, आणि मी "बाजूला व्हा, वारा येऊ द्या" म्हणून ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर रडणाऱ्या कप्तानाचा फोटो. "कप्तानाचं मन आभाळाएवढं. सहकारी महिलेला दिलं स्वतःच्या पराक्रमाचं श्रेय." स्वतःच्या पराक्रमाचं! खरं बोलल्याचाही मान त्यालाच मिळाला होता. मी पेपर टराटरा फाडला.

मावशी म्हणाली, "फाडलास कशाला? वाचायचा होता मला." मी तुकडे जुळवून दिले. तिनं ते वाचले, आणि मला वाटलं होतं ती हसेल, पण ती हसली नाही. तिनं खिडकीकडे तोंड केलं. मग म्हणाली, "तेव्हा मी ओरडले तर वेडी ठरले. आता तो रडला तर संत ठरला. आता बाई, दम नाही माझ्यात." तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. उन्हाळा यायच्या आत ती गेली. माळावरून बडबडीनं आणि बाकीच्यांनी विमानं उडवली, स्मशानावरून अगदी खालून गेल्या. नियमात बसत नव्हतं. बडबडीला त्याबद्दल समज मिळाली.

क्लबानं पुतळ्याखाली एक ओळ वाढवली आहे. "श्रीमती अमुक यांच्या सहकार्याने." एकट्यानं हा शब्द तसाच आहे. एकट्यानं, आणि सहकार्यानं. एका दगडावर दोन्ही, एकाखाली एक. लिहिणाऱ्याला वाचता येतं की नाही कोण जाणे.

मी सेक्रेटरीला भेटले. तो म्हणाला, मजकूर बदलायला सभेत ठराव लागतो. ठराव मांडायला सभासद लागतो. मी सभासद झाले. ठराव मांडला तर म्हणाले, कप्तान आजारी आहेत, हे दिवस योग्य नाहीत. पुढच्या वर्षी मांडला तर म्हणाले, कप्तान नुकतेच वारले, हे दिवस योग्य नाहीत. सभा संपल्यावर सेक्रेटरी मला फाटकापर्यंत सोडायला आला. अगदी आपुलकीनं म्हणाला, "ताई, इतकी वर्षं झाली. अजून राग धरून बसलात? तब्येतीला बरं नसतं ते."

मी म्हटलं, "माझी तब्येत उत्तम आहे. पुढच्या सभेची तारीख कळवा."

तारीख परवाची आहे. बडबडीही आता सभासद झाली आहे. ती बोलायला उभी राहिली की थांबत नाही, हे त्यांना अजून माहीत नाही.